नाकपुडीजवळची न भरणारी जखम आणि पत्रातली एक ओळ

«डॉक्टर, आम्ही घणसोलीला राहतो. माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. सात महिन्यांपासून त्यांच्या उजव्या नाकपुडीच्या कडेला जखम आहे. आधी पुटकुळी आली, मग खपली धरली, खपली निघाली, आणि आता नाकपुडीची कड कुरतडल्यासारखी दिसते. दुखत नाही म्हणतात. तीन डॉक्टर झाले. एकांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, तिसरे म्हणाले कॅन्सर असू शकतो, तुकडा काढून तपासू. तेव्हापासून घरात वाद. दीर म्हणतात, सुरी लागली की कॅन्सर पसरतो. मावशींनी हळद आणि खोबरेल लावायला सांगितलंय. सासूबाईंचा हात सारखा तिथे जातो, त्यावरून सगळे त्यांना बोलतात. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी चेहऱ्याच्या त्याच बाजूला विजेसारख्या कळा यायच्या, त्यासाठी नसेत सुई घालून उपचार केला होता. कळा पूर्ण गेल्या. फोटो जोडलाय. हा कॅन्सर आहे का? तुकडा काढू द्यावा का? आणि त्यांना आम्ही काय सांगायचं? – एक सून, घणसोली»

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळं घर तिथेच अडून बसलंय. तुकडा काढू द्या. या आठवड्यातच.

तुकडा काढल्यानं असा त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. तुमच्या दिरांच्या मनातली भीती मी रोज ऐकते आणि ती कुठून आली असेल तेही मला कळतं. माणसं इतक्या उशिरा दवाखान्यात यायची, की तुकडा काढायच्या वेळी रोग आधीच आत पोचलेला असायचा. दोन-चार महिन्यांत माणूस गेला, की घरच्यांच्या लक्षात राहायची ती शेवटची गोष्ट, म्हणजे सुरी. आपल्या परळचं टाटा हॉस्पिटल 1941 सालापासून कॅन्सरचे पेशंट बघतंय आणि तिथेही उपचार ठरवण्याआधी तुकड्याचा रिपोर्टच बघतात. दिरांना रागावू नका, हे एवढं शांतपणे सांगा. वाटल्यास त्यांनाच तुमच्याबरोबर ओपीडीत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की माणूस लवकर ऐकतो.

आता पहिला प्रश्न. फोटो बघून मी कॅन्सर आहे असंही म्हणणार नाही आणि नाही असंही म्हणणार नाही. नाकपुडीच्या घडीत, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बेसल सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर होतो. त्याची कड जरा उचललेली, गुंडाळल्यासारखी असते, मोत्यासारखी चकाकते आणि तिच्यावर केसासारख्या बारीक लाल शिरा दिसतात. आपल्या रंगाच्या कातडीत तो बरेचदा काळपट दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. हा कॅन्सर फार हळू वाढतो, शरीरात लांब सहसा जात नाही, पण जिथे बसलाय तिथलं मांस आणि कूर्चा खात राहतो. वेळेवर पूर्ण काढला तर बहुतेक माणसं त्यातून कायमची मोकळी होतात. तेव्हा समजा तोच निघाला, तरी हातपाय गाळू नका.

पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीशी मी थांबले. ती तुम्ही शुगरच्या मागे, जाता जाता लिहिलीय: त्याच बाजूच्या नसेत सुई घालून कळांवर उपचार केला होता. तिन्ही डॉक्टरांपैकी कुणाला हे सांगितलं होतं का? माझा अंदाज, नाही. कारण कळा गेल्या, तो आजार घरच्यांच्या लेखी संपला, आणि जखम हा नवा आजार म्हणून सुरू झाला. मला मात्र वाटतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो.

चेहऱ्याचा स्पर्श कळवणारी मुख्य नस दोन्ही बाजूंना एकेक असते. तिच्या तीन फांद्या: वरची कपाळ आणि डोळ्याकडे, मधली गाल, नाकपुडी आणि वरच्या ओठाकडे, खालची जबड्याकडे. ही नस बिघडली की विजेसारख्या कळा येतात. ज्यांनी त्या सोसल्यात तेच जाणतात. चूळ भरताना, केस विंचरताना माणूस ओरडतो. औषधांनी भागलं नाही तर सुई घालून नस काही प्रमाणात जाळतात, दाबतात किंवा बधिर करतात. सासूबाईंना त्यानं आराम पडला, म्हणजे उपचार योग्यच झाला होता. त्या बदल्यात गालाचा काही भाग बधिर राहतो आणि बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. फार थोड्या माणसांना मात्र त्या बधिर जागी विचित्र संवेदना होत राहतात. मुंग्या येतात, जळजळतं, काहीतरी चिकटलंय असं वाटतं, कातडीखाली किडा चालतोय असं वाटतं. मग बोट आपोआप तिथे जातं. चोळतात, खपली काढतात, नखानं टोकरतात. आणि जागा बधिर असल्यामुळे, आपल्याला ज्या दुखण्यानं हात मागे घ्यावा लागतो, ते दुखणंच तिथे नसतं. अशी जखम नस दुखावल्यावर काही आठवड्यांत होऊ शकते, काही वर्षांनीही होऊ शकते. याला ट्रायजेमिनल ट्रॉफिक सिंड्रोम म्हणतात. हा दुर्मीळ आहे, बायकांमध्ये आणि उतारवयात जास्त दिसतो. पक्षाघातानंतर, चेहऱ्यावरच्या नागिणीनंतर, मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशननंतरही होतो.

त्याची जखम ओळखायच्या काही खुणा आहेत. ती बरेचदा नाकपुडीच्या कमानीवर चंद्रकोरीसारखी असते. दुखत नाही. आणि नाकाचा शेंडा बहुधा शाबूत राहतो, कारण शेंड्याकडे येणारी बारीक नस वरच्या फांदीची असते, मधलीची नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेंडा मला धड दिसतोय. त्याच फोटोत खाली, हनुवटीशी, सासूबाईंचा उजवा हात आलाय. तर्जनीचं नख वाढलेलं आहे आणि त्याच्या कडेला वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ आहे. तुम्ही तो फोटो जखमेसाठी काढला, पण मी तो नख बघण्यासाठी दोनदा मोठा केला.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. कापसाची वात पिळून तिचं टोक निमुळतं करा. सासूबाईंना डोळे मिटायला सांगून आधी डाव्या गालावर, मग उजव्या गालावर, मग दोन्ही नाकपुड्यांना अगदी हलकेच लावा. जखमेला लावू नका. दोन्हीकडे सारखं कळतं का, एवढंच विचारा. उजवीकडे कळत नसेल किंवा वेगळं लागत असेल तर ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. यावरून निदान ठरवू नका. पण हा कागद आणि नसेच्या उपचाराची जुनी फाईल त्यांच्या टेबलावर असेल, तर ते जखमेकडे वेगळ्या नजरेनं बघतील.

मग एवढं कळतंय तर तुकडा कशाला, असं दीर विचारतील. कारण या सिंड्रोमची स्वतःची अशी कुठलीच खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. बाकीचं सगळं नाही असं ठरलं आणि मागची हकिकत जुळली, तरच हे नाव द्यायचं. नस बधिर आहे म्हणून कॅन्सर नसेलच असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. एकाच जागी दोन्ही असू शकतात.

आणि बाकीचं म्हणजे काय काय, तेही ऐका, म्हणजे ओपीडीत विचारलेले प्रश्न चमत्कारिक वाटणार नाहीत. आपल्याकडे डोक्यामानेवरच्या न भरणाऱ्या जखमेत टीबीचा विचार करावाच लागतो. मानेतल्या गाठी फुटून वाहायला लागतात, त्याला आपल्या आज्या गंडमाळ म्हणत. तिची कड निळसर असते आणि आतून पोखरलेली असते, काडी सरकवली तर कातडीखाली जाते. त्वचेचा आणखी एक टीबी नाकावर, गालावर पसरतो आणि वर्षानुवर्षं कातडी खातो. डेन्मार्कचे डॉक्टर निल्स फिन्सेन यांना 1903 चं नोबेल मिळालं ते मुख्यतः या रोगावरच्या प्रकाशकिरणांच्या उपचारासाठी. आज त्याला औषधं आहेत, साधारण सहा महिन्यांचा कोर्स, सरकारी केंद्रात मोफत, शिवाय निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये. पण ही औषधं अंदाजानं सुरू करू नयेत, आधी तुकड्यातून टीबी शोधावा.

दातांचं विचारतील. यावर मी जरा रेंगाळते, कारण हे मी स्वतः चुकलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी कोपरीचा एक तरुण माझ्याकडे हनुवटीवर बारीक वाहणारी जखम घेऊन आला होता. मी त्याला अँटिबायोटिक दिलं, जखम सुकली, परत वाहिली. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी हातमोजा घालून तोंडात बोट घातलं आणि खालच्या हिरडीपासून जखमेपर्यंत दोरीसारखा ताठर पट्टा हाताला लागला. दात किडलेला होता, मुळाशी पू साठून त्यानं बाहेर वाट काढली होती. दात दुखत नव्हता म्हणून तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. दंतवैद्यांनी रूट कॅनाल केलं आणि हनुवटी काही आठवड्यांत आपोआप भरली, मलमाचा थेंब न लावता. तेव्हापासून जखम जबड्याच्या आसपास असली की मी आधी तोंड उघडायला सांगते. तोंडात बघायचं आणखी एक कारण आहे. सासूबाई मिश्री लावतात का, तंबाखू खातात का, हे लाजू न देता विचारा आणि डॉक्टरांना सांगा. गालाच्या आतला कॅन्सर बाहेरच्या कातडीतून फुटतो, तेव्हा तोही गालावरची जखम म्हणूनच दिसतो.

आखातात राहून आलंय का, राजस्थानात बिकानेरकडे किंवा हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात बरेच दिवस मुक्काम झाला होता का, असंही विचारतील. तिथे वाळूमाशीच्या चावण्यातून होणारा लीशमॅनियासिस नावाचा आजार चेहऱ्यावर अशीच न दुखणारी जखम करतो. खोल बुरशी, रक्तवाहिन्यांची सूज, नाकाच्या आतून सुरू होणारा लिंफोमा नावाचा कॅन्सर, कुष्ठरोग, यांचाही विचार करतील. पण या सगळ्यांची काळजी तुम्ही करू नका.

एक आजार मात्र नावानिशी सांगते, कारण तिथे घाई अंगाशी येते. पायोडर्मा गँग्रिनोसम. नावातल्या ‘पायो’चा अर्थ पू असला तरी हा जंतूंचा आजार नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या कातडीवर उलटते. जांभळट कडेची जखम झपाट्यानं पसरते आणि ती असह्य दुखते. मी शिकत असताना एका बाईंना कानामागे अशी जखम होती. सडलेलं मांस समजून ती ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन खरवडून साफ केली. तीन दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा ती दुप्पट झाली होती. पुन्हा साफ केली, पुन्हा वाढली. या आजारात कातडीला इजा केली की तो भडकतो, हे त्या वॉर्डात तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो, प्रत्येक वेळी थिएटरला जाताना त्या हात जोडायच्या. तुमच्या सासूबाईंचं वर्णन याच्याशी जुळत नाही. सात महिने हळूहळू वाढलेली, न दुखणारी जखम ही ती नव्हे. तरीही तुम्हाला सांगते, तपासणीसाठी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढणं वेगळं आणि निदानाआधीच जखम साफ करून टाका म्हणणं वेगळं. पहिल्याला हो म्हणा. दुसऱ्याला, निदान झाल्यावर करू, म्हणा.

आता तुकडा काढतात म्हणजे काय करतात ते सांगते, म्हणजे सासूबाईंची झोप उडणार नाही. बाजूला बधिर करायचं इंजेक्शन देतात. एरवी ते अर्धा मिनिट चुरचुरतं, सासूबाईंना कदाचित तेवढंही कळणार नाही. मग पेन्सिलीच्या टोकाएवढं गोल पातं, साधारण चार मिलिमीटरचं, फिरवून तुकडा घेतात. एखाद-दुसरा टाका पडतो, चेहऱ्यावरचा टाका आठवड्याच्या आत निघतो. पंधरा-वीस मिनिटांत माणूस चालत बाहेर येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनानं ती बंद करू नका. शुगरचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा.

दोन गोष्टी विनंती म्हणून डॉक्टरांना विचारा, कुणालाही राग येणार नाही. तुकडा कडेवरून, थोडी चांगली कातडी धरून घेणार ना? कारण मधल्या सडक्या भागातून घेतला तर सूज आणि मेलेलं मांस यापलीकडे काही दिसत नाही. आणि दोन तुकडे घेणार का, एक फॉर्मेलिनच्या बाटलीत आणि एक सलाईनच्या? फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यातून टीबीचं किंवा बुरशीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला म्हणून पुन्हा टोचून घ्यावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आठवड्याच्या आसपास येतो. टीबीच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, मध्येच कंटाळून ते सोडू नका. आणि रिपोर्टवर ‘नॉनस्पेसिफिक इन्फ्लमेशन’ असं आलं तर त्याचा अर्थ काही नाही असा लावू नका. त्याचा अर्थ एवढाच की या तुकड्यात नाव सापडलं नाही. जखम तशीच असेल तर दुसऱ्यांदा, जरा खोल तुकडा घ्यावा लागतो आणि तो घेऊ द्यावा.

कुठे जायचं? त्वचारोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी एकाच छपराखाली असेल तिथे. घणसोलीहून ठाण्याची गाडी आणि तिथून एक स्टेशन कळवा, महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय मेडिकल कॉलेजचं आहे. खर्चाची अडचण असेल तर तिथे जा. कॅन्सर निघालाच तर टाटाचंच केंद्र तुमच्या नवी मुंबईत, खारघरला आहे. सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, अगदी पिळून संपलेल्या सुद्धा. त्यांच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा. ही स्टिरॉइडं आहेत. योग्य जागी उत्तम औषध, पण टीबी किंवा बुरशीच्या जखमेवर लावली तर वरून लाली कमी होते आणि आतून रोग वाढतो, शिवाय जखमेचं मूळ रूप बदलून डॉक्टर गोंधळतात. आजपासून डॉक्टरांना भेटेपर्यंत ही मलमं बंद ठेवा. हळद, खोबरेल, डेटॉल, वरून टाकायच्या पावडरी, हेही बंद. मावशींना सांगा, तुमची हळद दुधात देतो. उकळून गार केलेल्या पाण्यानं किंवा सलाईननं जखम धुवायची, त्यावर साधं व्हॅसलिन आणि स्वच्छ पट्टी. दर रविवारी सकाळी खिडकीशी बसवून, बाजूला एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे जखम वाढतेय की आटतेय ते कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

त्यांना शुगर आहे म्हणून एक इशारा. जखम किंवा तोंडातली टाळू काळी पडली, गाल सुजला, डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसायला लागलं, तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. 2021 मध्ये काळ्या बुरशीनं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि जखमेला काही होवो न होवो, त्यांचा उजवा डोळा नेत्रतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. नसेच्या वरच्या फांदीलाही बधिरपणा असेल तर बुबुळात कचरा गेलेला कळत नाही आणि तिथेही न दुखणारी जखम होते.

कॅन्सर आणि बाकी सगळं नाही असं ठरून नसेचंच निघालं, तर उपचार चिकाटीचे आहेत. जखम सतत झाकलेली ठेवणं हा त्यातला मोठा भाग. कातडीला चिकटणाऱ्या जाड पट्ट्या मिळतात, त्या तीन-चार दिवस राहतात आणि बोट आत जाऊ देत नाहीत. त्या विचित्र संवेदना कमी करायला गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी नसेची औषधं देतात. ती या वयात चक्कर आणि झोप आणतात, म्हणून थोड्या मात्रेनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जखम भरायला महिने लागतात, भरलेली परत उघडते. कधी प्लास्टिक सर्जन शेजारची, स्पर्श शाबूत असलेली कातडी फिरवून लावतात.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, त्यांना काय सांगायचं. आधी घरातल्या बाकीच्यांना सांगा, की आजपासून ‘हात लावू नका’ हे वाक्य बंद. त्या हट्टानं करत नाहीत. झोपेतही हात जातो, सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसत असतील, बघा. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तिथे नेमकं काय होतं? मुंग्या, किडा, चिकटलेलं काहीतरी? कदाचित वेड्यात काढतील म्हणून त्यांनी हे आजवर कुणाला सांगितलं नसेल. माझ्याकडे एका आजींनी हे सांगायला तीन भेटी घेतल्या आणि सांगून झाल्यावर रडल्या. सासूबाईंना म्हणा, असं वाटतं हे खरं आहे, त्याला नाव आहे, आणि ते डॉक्टरांना तुमच्याच शब्दांत सांगायचंय. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांची नखं कापून द्या, उजव्या तर्जनीपासून सुरुवात करा, आणि कडा कानशीनं गुळगुळीत करा. झोपताना सुती हातमोजे घालायला त्या तयार असतील तर घाला, नसतील तर जबरदस्ती नको. तुकड्याचा रिपोर्ट आला की मला पूर्ण पानाचा फोटो पाठवा, फक्त शेवटची ओळ नको.